स्क्रीन लुकलुकते की नाही, यावर भांडण्याआधी

जळगाव-धुळ्याकडच्या रिपेअरिंगच्या ग्रुपांवर स्क्रीनच्या फ्लिकरचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास येतात. एक, "माले ते काहीच दिसत नही, भो." दुसरं, "आधी डोळे तपासून घे." पहिलं निदान प्रामाणिक तरी असतं. दुसऱ्यानंतर फक्त टोमणे उरतात.

घोळ असा, की एकाच दमात तीन वेगळ्या गोष्टी बोलल्या जातात. प्रकाश खरंच कमी-जास्त होतोय का? तो डोळ्याला दिसतोय का? आणि त्याने त्रास होतोय का? पहिलीचं उत्तर मोजून मिळतं. दुसरी माणसागणिक बदलते. एकटक बघताना ९० हर्ट्झच्या (सेकंदाला ९० वेळा) वरची लुकलुक सहसा दिसत नाही, पण नजर झपकन फिरवली तर त्याहून कितीतरी वेगवान लुकलुकही तुटक ठिपक्यांसारखी दिसू शकते. तिसरी ज्याची त्यालाच ठाऊक. एकाच शेवभाजीने एकाला घाम फुटतो आणि दुसरा वरून तर्री मागतो. मसाला तोलून पहिल्याला खोटं पाडता येत नाही. उलट, डोकं दुखलं म्हणजे पॅनेलमध्ये पीडब्ल्यूएम (ब्राइटनेस कमी करायला प्रकाश झपाझप चालू-बंद करणं) असणारच, हेही खरं नाही.

लुकलुक असली की कॅमेऱ्याच्या फोटोत काळे पट्टे येतात, मोजायचे ते हेच. त्यात सर्वात जास्त फसगत खोलीतल्या बल्बने होते. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्तातला एलईडी बल्ब १०० हर्ट्झने लुकलुकतो आणि त्याचे पट्टे स्क्रीनच्या नावावर खपतात. तो बंद करा. स्क्रीनवर कोरं पांढरं पान, ऑटो ब्राइटनेस बंद. दुसऱ्या फोनचा कॅमेरा प्रो मोडवर, शटर १/२००० सेकंद, आणि फोन अगदी जवळ. ब्राइटनेस १००, ५० आणि २० टक्के, असे तीन फोटो घ्या. कित्येक पॅनेल पूर्ण ब्राइटनेसला शांत असतात, खाली आणलं की पीडब्ल्यूएम सुरू होतं. "आहे" आणि "नाही" म्हणणारे दोघंही बरोबर असतात ते असे.

एलसीडी असेल तर वेगाचा अंदाजही येतो. त्याच कॅमेऱ्याने, त्याच सेटिंगवर, त्या १०० हर्ट्झच्या बल्बचा उजेड पांढऱ्या भिंतीवर पाडून टिपा. बल्बचे २ पट्टे आणि स्क्रीनचे ५ आले, तर स्क्रीन साधारण २५० हर्ट्झवर. ओएलईडीला हे गणित लावू नका. तिथे ओळी एकामागून एक विझतात, फोन आडवा केला की पट्ट्यांची संख्याच बदलते.

पट्टा किती काळा दिसतो यावरून लुकलुकीची खोली, म्हणजे प्रकाश किती टक्के कमी-जास्त होतो ते, मात्र ठरत नाही. त्यासाठी बीपीडब्ल्यू३४ फोटोडायोड (उजेड पडला की करंट देणारा सुटा भाग), त्याला ५ व्होल्ट उलटा बायस, १० किलोओहमचा रेझिस्टर आणि स्कोप, म्हणजे व्होल्टेजचा आलेख दाखवणारा ऑसिलोस्कोप. स्कोप डीसी कपलिंगवरच ठेवा. एसीवर खालची पातळी गायब होते आणि आकडा खोटा निघतो. स्कोपऐवजी कॉम्प्युटरचं साउंडकार्ड वापरायच्या जुगाडातही हीच अडचण, त्यातून फक्त वेग कळतो. अंधारातलं रीडिंग वजा करून, कमाल वजा किमान भागिले कमाल अधिक किमान. ०.३० आणि ०.१० व्होल्ट आले तर ५० टक्के.

आयईईई या इंजिनिअरांच्या संस्थेच्या १७८९-२०१५ या शिफारशीप्रमाणे ९० हर्ट्झच्या वर कमी जोखमीची मर्यादा वेगाच्या ०.०८ पट टक्के, म्हणजे २४० हर्ट्झला १९.२ टक्के. वरच्या उदाहरणातले ५० टक्के त्याच्या बरेच वर. पण ती शिफारस प्रकाशाच्या एलईडींसाठी आहे आणि कायदा नाही. ती नाचवून कुणाच्या फोनला बेकायदा म्हणणं हा निव्वळ आगाऊपणा. तसंच "पीडब्ल्यूएम नाही" याचा अर्थ सगळं स्थिर असा होत नाही. डिदरिंगमध्ये पिक्सेलचा रंग फ्रेमगणिक बदलतो, ते या फोटोत येतच नाही.

मेसेज असा टाकला तर उत्तर द्यायला सोपं जातं: "अमुक मॉडेल, ब्राइटनेस २०, रिफ्रेश ६० हर्ट्झ, खोलीत अंधार, शटर १/२०००, ५ पट्टे. तासाभरात डोकं जड होतं." त्यावर "१०० ला काय दिसतं?" एवढंच विचारा. आणि फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून लहान करतं, फिके पट्टे पुसले जातात, आणि समोरचा म्हणतो, "माले काहीच दिसत नही." त्या वेळी त्याचंच बरोबर असतं.