भाषेने न दिलेली वचने
एकाच प्रोग्रामिंग भाषेची अनेक इम्प्लिमेंटेशन्स, म्हणजे ती भाषा चालवणारे वेगवेगळे प्रोग्राम, असतील तर तिला औपचारिक प्रमाण हवेच का? काही वर्षांपूर्वी लिहिलेली एक लहानशी पायथन स्क्रिप्ट वेग वाढावा म्हणून मी पायपाय या पायथनच्या पर्यायी इम्प्लिमेंटेशनवर चालवली, तेव्हा तिने नुकतीच लिहिलेली फाइल पुढच्याच ओळीत वाचायला घेतल्यावर रिकामी निघाली. चूक माझीच होती, कारण फाइल बंद न करताच मी पुढे गेलो होतो, आणि लिहिलेला मजकूर अजून तिच्यात उतरलाच नव्हता. सीपायथन या पायथनच्या मूळ इम्प्लिमेंटेशनमध्ये एखाद्या ऑब्जेक्टचा शेवटचा संदर्भ सुटताच ते नष्ट होते आणि फाइलही बंद होते. पायपायचा गार्बेज कलेक्टर (वापरात नसलेली ऑब्जेक्ट्स काढून टाकणारा भाग) मात्र आपल्या सवडीने येतो. पायथनला आयएसओ या आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरण संस्थेचे प्रमाण नाही, पण ऑब्जेक्ट लगेच नष्ट होईल यावर विसंबू नये, असे तिच्या अधिकृत संदर्भग्रंथात बजावलेले आहे. ते वाचण्याची गरज मला कधी वाटली नव्हती; माझ्या मशीनवर जे चालते तीच भाषा, असे मी धरून चाललो होतो.

एका भाषेची अनेक इम्प्लिमेंटेशन्स असतील तर औपचारिक प्रमाण हवेच, असे मला वाटत नाही. रुबी या भाषेसाठी 2012 साली आयएसओ 30170 हे प्रमाण आले, पण ते 1.8 मालिकेवर बेतलेले होते आणि भाषा तोवर 1.9 पर्यंत पोहोचली होती. जेरुबी आणि रुबिनियस या रुबीच्या इम्प्लिमेंटेशन्सना एकमेकांच्या जवळ ठेवले ते रुबीस्पेक या सामायिक संचातल्या चाचण्यांनी.

तरीही चाचण्यांना एक गोष्ट सांगता येत नाही: दिसणारे वर्तन हे वचन आहे की निव्वळ योगायोग. 2016 च्या पायथन 3.6 मध्ये डिक्शनरीची, म्हणजे किल्ली आणि मूल्य यांच्या जोड्या साठवणाऱ्या प्रकाराची, अंतर्गत रचना बदलली आणि किल्ल्या ज्या क्रमाने घातल्या त्याच क्रमाने परत मिळू लागल्या. क्रमाची कोणतीही चाचणी तेव्हाही उत्तीर्ण झाली असती. त्यावर विसंबू नका, हे सांगणारे होते ते दस्तऐवजातले एक वाक्य. 2018 च्या 3.7 मध्ये तोच क्रम भाषेची हमी झाला.

मला हवी आहेत ती अशी वाक्ये, मग त्यांवर आयएसओचा शिक्का असो वा नसो. (सी भाषेच्या प्रमाणाने 'अनिर्धारित वर्तन', म्हणजे ज्याचा परिणाम प्रमाण ठरवतच नाही, या नावाखाली कंपायलरला इतकी मोकळीक दिली आहे, की चिन्हांकित पूर्णांकांची बेरीज ओव्हरफ्लो झाली का, म्हणजे मावेनाशी झाली का, हे तपासणारी अट जीसीसी हा कंपायलर कधीकधी सरळ काढूनच टाकतो, हा मात्र अतिरेक झाला.)

माझ्या स्क्रिप्टमधली फाइल आता 'विथ'च्या, म्हणजे काम संपताच फाइल बंद करणाऱ्या पायथनच्या विधानाच्या, आत उघडते, आणि स्क्रिप्ट सीपायथन आणि पायपाय या दोन्हींवर सारखीच चालते.