पिशव्या चितळाच्या पोटात, औषध कुत्र्यांना

आमच्या तालुक्यात जंगलाला लागून हरणांचा एक बंदिस्त वाडा आहे. त्यातलं एक चितळ खंगून मेलं. वनपालांसमोर पंचनामा झाला आणि पशुवैद्यक म्हणून शवविच्छेदन माझ्याकडे आलं.

पोट उघडलं तर आतड्यांवरच्या चरबीच्या पडद्याला लिंबाएवढ्या पाण्याच्या पिशव्या लोंबत होत्या, काही यकृतालाही चिकटलेल्या. भिंत पातळ, आत एकच पांढरा ठिपका. तो दाबला की लांब मानेचं डोकं बाहेर येतं. ही टीनिया हायडॅटिजेना या फीतकृमीची अळी. हायडॅटिड म्हणजे कुत्र्यातल्याच दुसऱ्या एका फीतकृमीची अळी; तिची पिशवी निराळी, जाड दुधाळ भिंतीची, यकृतात किंवा फुफ्फुसात रुतलेली. हे मी दोनदा तपासलं, कारण हायडॅटिडची अंडी माणसाच्या पोटात गेली तर त्यालाही तशाच गाठी होतात, आणि वाड्यावरची माणसं रोज त्याच कुत्र्यांत वावरतात.

चितळांच्या लेंड्या तपासून हा रोग सापडतच नाही. चितळात फक्त अळी असते, अंडी टाकणारा मोठा कृमी कुत्र्याच्या आतड्यात. वाड्यावरच्या राखणदाराला पिशवी दाखवली तर तो म्हणाला, "सायेब, बोकड कापला का असे फुगे निघतेच. आमी कुत्र्याले टाकून देतो." झालं, साखळी पुरी! तीच कुत्री धुऱ्यावर हगतात, धुऱ्यावरचं गवत कापून वाड्यात येतं. कुंपण कितीही उंच असू द्या.

मग मोर्चा कुत्र्यांकडे वळवला. प्राझिक्वांटेल हे फीतकृमीचं औषध, वजनाच्या किलोमागे ५ मिलिग्रॅम, मटणाच्या तुकड्यात. पाळीव कुत्री सोपी. मोकाट कुत्र्यांनी घाम काढला. औषधाने कृमी मरतो, अंडी मरत नाहीत, म्हणून त्या दिवसांतली विष्ठा गोळा करून जाळली. औषधाचा असर टिकतही नाही. कच्चं काळीज खाल्लं की साधारण सात आठवड्यांत कुत्रं पुन्हा अंडी टाकू लागतं, म्हणून दर सहा आठवड्यांनी डोस. चारा आता कुंपण घातलेल्या वावरातून येतो. असे फुगे कुत्र्यांना टाकू नका, हे खाटीकदादांना पटवायला वेळ लागला, पण ते पुरायला त्यांनीच झाकणाचा खड्डा खणला.

पुढे वाड्यात जन्मलेलं एक पाडस तारेत अडकून मेलं. त्याचं यकृत चिरून पाहिलं, स्वच्छ होतं. एका पाडसावरून काही ठरत नाही. जुन्या चितळांच्या पोटात पिशव्या असतीलच. आखाडीचे बोकड कापून झाले की सहा आठवड्यांच्या आत पुढचा डोस द्यायचा आहे, त्याच्या गोळ्या आणून ठेवल्यात.