हरणाचा कान

राजस्थानातल्या बुंदीला, गढातली चित्रशाळा म्हणजे भिंतीभर रंगवलेलं दालन बघायला जायचं मी ठरवलं होतं. आत्याने त्याचं ‘तोडी बघायला जायचं’ करून टाकलं. गाणं शिकवण्यात तिची चाळीस वर्षं गेली. रागमाला म्हणजे रागांची चित्रमालिका, आणि तिच्यातली तोडी म्हणजे रानात वीणा घेतलेली विरहिणी आणि भोवती हरणं, एवढं तिला पक्कं ठाऊक. कोट्यापर्यंतचा प्रवास झोपेत गेला.

गढाचा चढ मात्र जन्मभर लक्षात राहील. फरशी इतकी गुळगुळीत की आत्या चपला हातात घेऊन चढली. आत वटवाघळांचा वास. चित्रशाळेच्या भिंती निळ्या-हिरव्या, पाण्याखाली गेल्यासारखं वाटतं. अठराव्या शतकातलं हे काम, आणि हात पोचेल तिथवर लोकांनी आपली नावं कोरून ठेवलेली. चीड आली. त्यात बरोबरच्या एका घोळक्याचा मोबाइल ढणढणत होता.

तोडी सापडली नाही. असेलही, रंग उडालेल्या जागी कुठेतरी. मोर असले की ककुभ, नाग खेळवणारी ती आसावरी, झोपाळ्यावर हिंदोल, अशा खुणांनी मी ओळखत होते. आत्या वैतागली. “म्हणजे सूर कुठेच नाहीत? नुसत्या खुणा?”

खरंच नाहीत. कागदावरच्या रागमालेत चित्राच्या वर बहुतेकदा एक पट्टी असते, तिच्यात कवित्त किंवा श्लोक. नायिका कोण, कुठे, कुणाची वाट बघतेय, हे त्या ओळी सांगतात आणि चित्रकार ते रंगवतो. सहा राग, त्यांच्या प्रत्येकी पाच रागिण्या, मिळून ३६ चित्रं. १५९१ साली काशीजवळच्या चुनारला रंगवलेला असा एक संच बुंदीला आला आणि इथल्या चित्रकारांनी पिढ्यान्‌पिढ्या तोच कित्ता गिरवला. दरम्यान राग बदलत राहिले. दक्षिणेतली तोडी तर आजही आपल्या भैरवीच्या स्वरांत गातात. मग त्या चित्रातल्या बाईच्या वीणेवर नक्की कुठली तोडी? हा प्रश्न मी उतारावर विचारला, ही माझी चूक. आत्या मधेच थांबली आणि कोमल ऋषभावर बोलत राहिली. मागे रांग लागली.

संध्याकाळी बाजारात एका चित्रकाराच्या दुकानात तोडी भेटली. जुन्या स्टँपपेपरवर रंगवलेली, वरच्या कोपऱ्यात उर्दू शिक्का. किंमत सांगितली दोन हजार. मी घासाघीस करायच्या तयारीत, तोवर आत्याने चष्मा लावून कागद नाकाजवळ धरला.

“ये हिरन सुन नहीं रहा.”

चित्रकार बघतच राहिला. आत्याने बोट न टेकवता दाखवलं. डावीकडच्या दोन हरणांचे कान वीणेकडे वळलेले, उजवीकडचं मात्र कान मागे पाडून भलतीकडेच बघत होतं. “घाबरलंय ते. तोडीला हरीण घाबरेल कसं?”

तो हसला नाही. म्हणाला, वडिलांच्या नमुन्यावरून उतरवलंय, कान कुणी बघत नाही. मग खारीच्या शेपटीच्या केसांचा कुंचला घेऊन, श्वास रोखून, जुन्या कानावर मातकट रंग चढवला. नवा कान काढायच्या आधी थांबला. “आप गाइये ना, दो मिनट. फिर बनाता हूँ.”

आत्या म्हणजे आत्या. “तोडी सकाळची. आता सात वाजलेत.”

मी तिला कोपराने ढोसलं. इतकं कोण विचारतं आपल्याला! घरी आल्यागेल्याला तानपुरा लावून दाखवते, आणि इथे प्रहराचं खूळ. काही उपयोग झाला नाही. हरीण एका कानाचंच ठेवून आम्ही बाहेर पडलो. पायरीवरून ती वळली आणि म्हणाली, “कल नौ बजे आती हूँ.”

कोट्याची आमची बस आठची होती. ती आम्ही सोडली.