बांबोळीच्या दोन खेपा: लेकाची न्यूरोसायकॉलॉजिकल तपासणी

आमची पहिली खेप वाया गेली. का गेली ते आधी सांगते, म्हणजे तुमची जाणार नाही.

पेडण्याहून पहाटे साडेपाचला निघालो. म्हापशाला गाडी बदलली, पणजीला परत बदलली. पर्वरीला लेकाला ओकारी झाली, आणि बांबोळीला हॉस्पिटलपाशी उतरलो तेव्हा तो माझ्या खांद्यावर गाढ झोपला होता. आत बोलावल्यावर तपासणी घेणाऱ्या मॅडम त्याच्याशी जेमतेम पाच मिनिटं बोलल्या आणि म्हणाल्या, "आज नको. आज येतील ते आकडे त्याचे नसतील, त्याच्या झोपेचे असतील." त्या दिवशी मला रडू आलं. आता वाटतं, त्यांनी परत पाठवलं हे बरंच केलं.

मुलगा साडेसहा वर्षांचा आहे. दुसऱ्या वर्षी आकडी आली होती, तेव्हापासून औषध चालू आहे. शाळेत आज ओळखलेलं अक्षर उद्या त्याला नवं असतं, म्हणून मेंदूच्या डॉक्टरांनी ही तपासणी सांगितली. यात सुई नाही, मशीन नाही. एमआरआयवर मेंदू कसा दिसतो ते कळतं. इथे तो काम कसा करतो ते बघतात. लक्ष, आठवण, भाषा, हाताची सफाई, विचाराचा वेग हे सगळं वेगवेगळं. कान आणि डोळे आधीच तपासून घ्या. ऐकूच कमी येत असेल तर पुढच्या चाचण्यांना काय अर्थ?

दुसऱ्या वेळी आदल्या संध्याकाळीच मेरशीला नणंदेकडे मुक्कामाला गेलो. लांबून येणाऱ्यांनी हे जमवाच. नातेवाईक नसतील तर निदान दुपारची वेळ मागून घ्या, पण मूल दुपारी झोपणारं असेल तर तीही नको. पणजीच्या कदंब स्टँडवरून मडगावच्या शटलमध्ये बसू नका, ती मध्ये थांबत नाही. लोकल गाडी घ्या आणि कंडक्टरला चढतानाच बांबोळी सांगा. चतुर्थीच्या आसपासची तारीख तर घेऊच नका. आठ दिवस जागरणं आणि पाहुणे झाल्यावर कुठलं मूल टेबलापाशी बसणार?

सकाळी उंडो आणि पातळ भाजी पोटभर खाऊन निघाला. डब्यात केळी आणि शेंगदाण्याचा लाडू, शिवाय पाणी. आकडीचं औषध नेहमीच्याच वेळी दिलं आणि किती वाजता दिलं ते मॅडमना सांगितलं. तपासणीसाठी म्हणून कुठलंही औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका.

माझी एक मोठी चूक. पहिल्या खेपेआधी आठवडाभर मोबाइलवर ठोकळ्यांची कोडी लावून मी त्याला रोज संध्याकाळी बसवत होते. मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, ताबडतोब बंद करा. सरावाने आकडा वाढतो आणि मुलाची खरी अडचण त्याखाली लपते. तीच चाचणी लगेच परत घेत नाहीत तेही याचसाठी. म्हणून आत काय विचारतात ते मी इथे लिहिणार नाही, आणि तुम्हीही शोधत बसू नका.

मुलाला आदल्या दिवशी एवढंच सांगितलं: एक ताई चित्रं आणि कोडी देणार, काही सोपी असतील, काही मोठ्या मुलांची. न आलं तर 'येत नाही' म्हणायचं. हे शेवटचं नक्की सांगा. बऱ्याच चाचण्या मुलाला जमेनासं होईपर्यंत पुढे नेतात, त्यामुळे हुशारातल्या हुशार मुलालाही शेवटी अडायला होतंच. 'परीक्षा' हा शब्द आमच्या घरात कोणी काढला नाही.

भाषेचं आपण होऊन सांगा. आमच्या घरात कोंकणी, शाळा मराठी, टीव्ही हिंदी. चमच्याला तो 'कुलेर' म्हणतो, खिडकीला 'जनेल'. मी आधीच सांगितलं होतं, म्हणून मॅडमनी अशा शब्दांची यादीच करून घेतली. नाहीतर त्याला शब्द येत नाही असंच कोणालाही वाटलं असतं.

कागदांत जन्माच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड, ईईजी (मेंदूच्या विजेचा आलेख) आणि एमआरआयचे रिपोर्ट, औषधांची चिठ्ठी आणि शाळेच्या वह्या हव्यात. वह्या खाडाखोडीच्या न्या, सुंदर अक्षराची निवडून नको. बाईंचं पत्र मे महिन्याच्या सुट्टीआधीच घेऊन ठेवा.

दिवसभर मुलाजवळ जे माणूस असतं त्यालाही सोबत न्या. रोजच्या कामांबद्दल आईवडिलांना वेगळं विचारतात. शर्टाची बटणं स्वतः लावतो का, या प्रश्नाला मी बेधडक 'हो' म्हटलं. सासूबाई शेजारून हळूच म्हणाल्या, "अगो, बुतांवां मीच लावते. तू कामाला गेलेली असतेस." मला माहीतच नव्हतं. मॅडमनी ते लिहून घेतलं आणि बोटांच्या सफाईकडे मुद्दाम लक्ष दिलं. पुढे रिपोर्टमध्ये नेमकी तीच अडचण निघाली.

दुसऱ्या खेपेला आमचं काम दोन दिवसांत झालं, दोन्ही दिवशी साधारण दीड तास. मी बाहेर बसले होते. दारातून डोकावू नका, मूल आपल्याकडेच बघत राहतं.

रिपोर्ट काही आठवड्यांनी मिळाला. नुसता कागद घेऊन घरी येऊ नका, समजावून घेण्याची वेळ मागा. एका ठिकाणी '25 पर्सेंटाइल' वाचून याच्या बाबांचा चेहरा पडला, त्यांना वाटलं शंभरात पंचवीस गुण. तसं नाही. त्याच्या वयाची शंभर मुलं रांगेत उभी केली तर पंचवीस त्याच्या मागे असतील, आणि ते सरासरीतच धरतात. बुद्ध्यांकाचंही तसंच: 100 ही सरासरी, आणि शंभरातली साधारण 68 मुलं 85 ते 115 च्या मध्ये येतात. आमच्या लेकाची समज चांगली निघाली. ऐकलेलं थोडा वेळ डोक्यात धरून ठेवणं आणि हाताचं काम, एवढंच मागे आहे. वाचन-लेखनाच्या अक्षमतेबद्दल इतक्या लवकर ठाम काही सांगता येत नाही, आठ वर्षांचा झाला की परत या, असं सांगितलंय.

मूळ प्रत शाळेत देऊ नका, झेरॉक्स द्या. आमच्या बाईंनी ती वाचली आणि त्याला पहिल्या बाकावर घेतलं. आता फळ्यावरच्या दोनच ओळी एका वेळी उतरवून घेतात.