‘अठ्ठेचाळीस तास थांबा’: एका वाचनालयाची वेबसाइट मोफत होस्टिंगवर आणताना

नागपुरातील एका लहान सार्वजनिक वाचनालयाने आपल्याकडील आंबेडकरी साहित्याची सूची इंटरनेटवर ठेवायचे ठरवले आणि ते काम माझ्याकडे आले. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर आलेली माणसे परतताना पुस्तकांच्या पिशव्या भरून नेतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना अशा सूचीची गरज वेगळी सांगायला नको. त्या दिवशी वाटण्यासाठी वाचनालयाने बुकमार्क छापून घेतले होते. त्यांवरच्या क्यूआर कोडमध्ये आमच्या नव्या डोमेनचा, एचटीटीपीएसने (म्हणजे सुरक्षित जोडणीने) सुरू होणारा पत्ता होता. छापलेला पत्ता बदलता येत नसल्यामुळे तो पत्ता त्या दिवसापूर्वी व्यवस्थित उघडणे अत्यावश्यक होते, आणि काम अडले ते नेमके तिथेच.

साइट बांधून आपोआप चढवण्याचा भाग अडचणीचा नव्हता. पुस्तकांची यादी एका सीएसव्ही फाइलमध्ये आहे, ह्यूगो हे साइट बांधणारे साधन तिच्यातून पाने तयार करते, आणि फाइलमधला बदल गिटहब या फाइली ठेवण्याच्या सेवेवर नोंदवला गेला की तिचा आपोआप कामे करणारा भाग, गिटहब ॲक्शन्स, साइट नव्याने बांधून गिटहब पेजेस या तिच्या मोफत होस्टिंगवर ठेवतो. रेपॉझिटरीच्या, म्हणजे गिटहबवरच्या आपल्या फाइलींच्या साठ्याच्या, सेटिंग्जमध्ये ‘पेजेस’खालच्या ‘सोर्स’मध्ये ‘गिटहब ॲक्शन्स’ निवडावे लागते आणि वर्कफ्लोच्या (ॲक्शन्सला पायऱ्या सांगणाऱ्या) फाइलमध्ये ‘पेजेस’ व ‘आयडी-टोकन’ या दोन्हींना लिहिण्याची परवानगी द्यावी लागते. यांपैकी एक जरी राहिली तरी शेवटची पायरी लाल होते. मोफत खात्यावर रेपॉझिटरी सार्वजनिकच असावी लागते, साइटचा आकार १ जीबीपेक्षा मोठा चालत नाही, आणि महिन्याला १०० जीबी वापराची सौम्य मर्यादा आहे. सूचीसाठी हे भरपूर आहे. ऑनलाइन दुकान चालवण्यासाठी मात्र ही सेवा नाही, म्हणून आम्ही किमती आणि मागणीचा अर्ज दोन्ही मुद्दाम वगळले.

त्यानंतर डोमेन जोडायचे होते. ज्या कंपनीकडून आम्ही डोमेन घेतले तिच्या पॅनेलमध्ये मी गिटहबने सांगितलेले चार ‘ए’ रेकॉर्ड (डोमेन कोणत्या सर्व्हरकडे जाते हे सांगणाऱ्या नोंदी) भरले, म्हणजे १८५.१९९.१०८.१५३ पासून १८५.१९९.१११.१५३ पर्यंतचे पत्ते, आणि ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’साठी सीनेम रेकॉर्ड (एका नावाला दुसऱ्या नावाकडे वळवणारी नोंद) टाकला. माझ्या घरच्या ब्रॉडबँडवर साइट उघडली, पण एचटीटीपीएससाठी लागणारे प्रमाणपत्र काही केल्या मिळेना. सेटिंग्जमधला ‘एन्फोर्स एचटीटीपीएस’चा चौकोन करडाच राहिला, म्हणजे निवडता येईना. तेवढ्यात वाचनालयातून ग्रंथपालकाकांचा फोन आला, “बाबू, माह्या मोबाइलवर तं आपली साइट नाही, डोमेनवाल्याची जाहिरात दिसून राहिली.”

डोमेन कंपनीच्या चॅटवर विचारले तर उत्तर आले की प्रॉपगेशन (नोंदी सगळीकडे पसरणे) सुरू आहे, कृपया ४८ तास वाट पाहा. ती मुदत उलटल्यावर पुन्हा विचारले, तेव्हा दुसऱ्या प्रतिनिधीने तेच वाक्य जसेच्या तसे पाठवले. वाटप जवळ येत चालले होते आणि ज्यांचे काम उत्तर शोधण्याचे आहे त्यांनी रेकॉर्डकडे एकदाही न बघता आम्हाला घड्याळाकडे बघायला सांगावे, याचा मला आजही राग येतो.

या ठिकाणी डीएनएस (डोमेनच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी व्यवस्था) कसे चालते हे नीट सांगणे मला आवश्यक वाटते, कारण ‘४८ तास’ या उत्तरामुळे अनेकांचे दिवस वाया जातात. डीएनएसची नोंद कुठे हळूहळू पसरत वगैरे नाही. मूळ नेमसर्व्हरवर, म्हणजे डोमेनच्या नोंदी ठेवणाऱ्या सर्व्हरवर, नोंद बदलली की तिथे विचारणाऱ्याला लगेच नवे उत्तर मिळते; इतर सर्व्हर आपण आधी घेतलेले उत्तर टीटीएलमध्ये सांगितलेल्या वेळेपुरते जपून ठेवतात आणि नंतर पुन्हा विचारतात. आमच्या नोंदींचा टीटीएल ३६०० सेकंद, म्हणजे एक तास होता. त्यामुळे मूळ नेमसर्व्हरच चुकीचे उत्तर देत असेल तर ४८ तास काय, वर्षभर थांबूनही काही होत नाही.

म्हणून मी ‘डिग’ हा डीएनएसच्या नोंदी विचारण्याचा आदेश वापरून थेट त्या कंपनीच्या नेमसर्व्हरला विचारले. ‘ए’ रेकॉर्ड विचारल्यावर चारही पत्ते बरोबर आले. मग ‘एएएए’ रेकॉर्ड विचारला, म्हणजे आयपीव्ही६ या नव्या पद्धतीचा पत्ता, जो मी भरलेलाच नव्हता, आणि तरीही एक पत्ता परत आला. तो त्या कंपनीच्या जाहिरातीच्या पानाचा होता. मोबाइलचे नेटवर्क आयपीव्ही६ला प्राधान्य देत असल्यामुळे काकांचा फोन त्या पानावर जात होता आणि माझे ब्रॉडबँड आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीवर, म्हणजे ‘ए’ रेकॉर्डवर, असल्यामुळे मला साइट दिसत होती. प्रमाणपत्र अडण्याचे कारणही तेच होते. गिटहब पेजेसची प्रमाणपत्रे लेट्स एन्क्रिप्ट या मोफत प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थेकडून येतात आणि ती देण्यापूर्वी डोमेन खरोखर त्या सर्व्हरकडे जाते का हे तपासले जाते. मूळ डोमेनवर एखादा परका ‘ए’ किंवा ‘एएएए’ रेकॉर्ड शिल्लक असला तर ही तपासणी अडू शकते.

पॅनेलच्या साध्या दृश्यात हा रेकॉर्ड दिसतच नव्हता. ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये गेल्यावर दिसला, पण त्याच्यासमोर काढून टाकण्याचे बटण नव्हते. डोमेन विकत घेताच कंपनीने स्वतःहून सुरू केलेली ‘पार्किंग’ (रिकाम्या डोमेनवर जाहिरातीचे पान दाखवणारी) सेवा तो लावत होती. डिगचे उत्तर चॅटमध्ये चिकटवल्यावर मात्र प्रतिनिधीची भाषा बदलली आणि ती सेवा कुठून बंद करायची हे त्याने लगेच सांगितले. बंद करून मी मूळ नेमसर्व्हरला पुन्हा विचारले तेव्हा तो पत्ता नाहीसा झाला होता. गिटहबने दिलेले चार ‘एएएए’ रेकॉर्ड मी तिथेच भरून टाकले. त्यानंतर सेटिंग्जमधून डोमेन एकदा काढून पुन्हा घातले, कारण त्यामुळे प्रमाणपत्राची प्रक्रिया नव्याने सुरू होते. त्याच संध्याकाळी तो चौकोन टिक करता आला. काकांनी वाचनालयाच्या दारात उभे राहून बुकमार्क स्कॅन केला आणि सूचीचे पहिले पान उघडलेला स्क्रीनशॉट मला पाठवला. मला झालेला आनंद फार मोठा होता.

तुम्ही हेच करणार असाल तर तक्रार नोंदवण्याआधी डिगचे उत्तर हाताशी ठेवा आणि ‘ए’, ‘एएएए’, ‘सीएए’ हे तिन्ही रेकॉर्ड विचारून पाहा. ‘सीएए’ ही डोमेनला प्रमाणपत्र कोणी द्यायचे हे सांगणारी नोंद असेल आणि तिच्यात लेट्स एन्क्रिप्टला परवानगी नसेल तरीही प्रमाणपत्र अडते. छपाईला देण्यापूर्वी पत्ता मोबाइल डेटावर आणि ब्रॉडबँडवर, दोन्हींकडे उघडून बघा. डोमेन गिटहब खात्यावर टीएक्सटी रेकॉर्डने (साध्या मजकुराच्या डीएनएस नोंदीने) पडताळून घ्यावे, म्हणजे उद्या साइट काही काळ बंद ठेवली तरी दुसऱ्या कोणाला ते डोमेन आपल्या पानांना जोडता येणार नाही.

ॲक्शन्सबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. साइट लिनक्सवर बांधली जाते आणि तिथे फाइलच्या नावातील मोठी व लहान इंग्रजी अक्षरे वेगळी मानली जातात, त्यामुळे विंडोजवर दिसणारे मुखपृष्ठाचे चित्र प्रत्यक्ष साइटवर गायब होऊ शकते. ह्यूगोची थीम (पानांची मांडणी) सबमॉड्यूल म्हणून, म्हणजे दुसऱ्या रेपॉझिटरीतून जोडून, घेतली असेल तर ‘चेकआउट’च्या (फाइली आणण्याच्या) पायरीत सबमॉड्यूल आणण्याची सूचना द्यावी लागते. आता नवी पुस्तके आली की काका ब्राउझरमध्येच सीएसव्हीत ओळी वाढवतात आणि थोड्याच वेळात त्या सूचीत दिसतात. यासाठी त्यांना मला फोन करावा लागत नाही.