दगडाला भोक न पाडता उजेड

जुन्या इमारतीवर दिवे लावायचे ठरलं की चर्चा वॉटपासून सुरू होते. ती दगडापासून सुरू व्हायला हवी.

मुंबईत काळा घोड्याजवळचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय बघा. कुर्ल्याचा करडा बेसॉल्ट आणि मालाडचा पिवळसर दगड, दोन्ही एकाच इमारतीत. २७०० केल्विनचा (केल्विन म्हणजे प्रकाशाच्या छटेचं माप, आकडा कमी तितका प्रकाश पिवळसर) उबदार प्रकाश मालाडच्या दगडावर खुलतो, पण बेसॉल्ट मातकट दिसतो. ४००० केल्विनला बेसॉल्ट उठून दिसतो आणि मालाडचा दगड फिका पडतो. अशा ठिकाणी ३००० केल्विन, सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९०च्या वर, यापासून सुरुवात करावी आणि अंधार पडल्यावर जागेवरच नमुना लावून बघावा. बेसॉल्ट प्रकाश शोषून घेतो, त्याचा हिशेब वेगळा धरावा लागतो. निळे-गुलाबी दिवे मात्र आम्हाला अजिबात पटत नाहीत. दगडाचा स्वतःचा रंगच त्यात नाहीसा होतो.

समोरून फ्लडलाइट मारला की कमानी, कंगोरे, जाळ्या सपाट होतात, कारण सावलीच उरत नाही. दिवा भिंतीपासून १५ ते ३० सेंमीवर ठेवून अरुंद झोत वर सोडला की कोरीवकाम जागं होतं. पण याच झोतात सिमेंटने केलेली प्रत्येक डागडुजीही उघडी पडते. तिथे दिवा मीटरभर मागे घ्यावा.

आता सगळ्यात नाजूक काम, दिवा बसवण्याचं. दगडात ड्रिल करायचं नाही. ब्रॅकेट चुन्याच्या दरजेत, म्हणजे दोन दगडांमधल्या सांध्यात बसवायचं, म्हणजे उद्या काढलं तर दरज पुन्हा चुन्याने भरता येते. जमेल तिथे छज्ज्यावर नुसतं वजन ठेवून फिटिंग उभं करावं, भोकच नको. स्क्रू आणि क्लॅम्प ३१६ ग्रेडचे स्टेनलेस. साधं लोखंड खाऱ्या हवेत गंजतं, गंजताना फुगतं आणि दगडाची कड फोडतं. वर तांबूस ओघळ येतात ते वेगळेच.

पावसाळ्यात आयपी६७चं, म्हणजे धूळ-पाणी आत न येऊ देणारं फिटिंगसुद्धा आतून धुरकट होतं आणि दोष काचेभोवतीच्या गास्केटला (पाणी अडवणाऱ्या पट्टीला) दिला जातो. बहुतेक वेळा पाणी केबलमधून आलेलं असतं. तापलेल्या दिव्यावर सर पडली की आतली हवा आकसते, आत ओढ तयार होते आणि उघड्या टोकाचं पाणी तारांच्या पिळांमधून थेट फिटिंगमध्ये शिरतं. म्हणून जॉइंट जेल भरलेल्या बॉक्समध्ये करावा, ग्लँडआधी (केबल फिटिंगमध्ये शिरते तिथलं घट्ट बूच) केबलला खाली लोंबता वळसा द्यावा आणि फिटिंगला हवा जाणारा, पाणी अडवणारा व्हेंट असावा. जमिनीतल्या दिव्यांखाली किमान ३० सेंमी खडीचा थर हवा, नाहीतर जुलैमध्ये ते डबक्यातच बसतात.

२४ व्होल्टच्या पट्ट्या लांब ओढताना शेवटचे दिवे मंद होतात. २.५ चौरस मिमीची तांब्याची केबल, २० मीटर अंतर, ५ अँपिअर: जाऊन-येऊन जवळपास दीड व्होल्ट पडतो. ४ चौरस मिमी घेतली तर तो एक व्होल्टच्या खाली येतो. ड्रायव्हर (पट्ट्यांना २४ व्होल्ट पुरवणारा डबा) जवळ आणता आला तर त्याहून बरं, फक्त तो वाळवीच्या लाकडी माळ्यावर नको.

काचा ऑक्टोबरमध्ये गोड्या पाण्याने धुवाव्यात. मीठ आणि काजळीचा थर बराच प्रकाश खातो. प्रत्येक दिव्याचा कोन आणि केबलचा मार्ग नकाशावर नोंदवून ठेवावा, कारण पुढच्या वेळी शिडीवर चढणारा माणूस वेगळाच असतो.