ओव्हनशिवायच्या कुकीज : आमची वाटचाल

आम्ही दोघी बहिणी घरच्या स्वयंपाकघरात कुकीज करून विकतो. आमच्याकडे ओव्हन नाही. ऑर्डर वाढू लागल्या तेव्हा ‘आता एक छोटा ओव्हन घेऊन टाका, काम झटपट होईल’ असं बऱ्याच जणांनी सुचवलं. आम्ही घेतला नाही. कमी साहित्यात, साखर न घालता, कुणालाही आपल्या घरी करता येईल अशी कुकी आम्हाला हवी होती आणि आजही तीच करतो.

कुकी भाजली जाते तेव्हा ओव्हन एका दमात बरीच कामं उरकतो. पीठ शिजतं, ओलावा उडतो, आकार पक्का होतो, खमंगपणा येतो आणि कच्च्या मालातले जंतूही मरतात. ओव्हन नसेल तर यातलं एकेक काम दुसऱ्या कुणाकडून तरी करून घ्यावं लागतं. ते कुणाकडून, हे ठरवण्यातच आमची सुरुवातीची मेहनत गेली.

सगळ्यात आधी पिठाचा निर्णय झाला. न भाजता खायच्या पदार्थात आम्ही गव्हाचं पीठ किंवा मैदा अजिबात घालत नाही. पीठ कोरडं आणि स्वच्छ दिसलं तरी कच्चंच असतं; त्यात ई. कोलाय, साल्मोनेलासारखे जंतू असू शकतात. कढईत परतून घेतलं तरी सगळ्या पिठाला सारखी आच लागली, असं छातीठोकपणे सांगता येत नाही. दुसऱ्याच्या मुलांसाठी करायचं म्हटल्यावर एवढी शंकाही पुष्कळ झाली.

त्या जागी आले रोल्ड ओट्स. हे तयार करताना दाणे आधी वाफवतात आणि मग रोलरखाली चपटे करतात, म्हणून ते पुन्हा न शिजवताही खाता येतात. तरी आम्ही ते मंद आचेवर आठ-दहा मिनिटं कोरडेच परततो. रंग बदलायच्या आधी वास बदलतो. तो खमंग वास आला की लगेच ताटात पसरायचे, नाहीतर कढईच्या उष्णतेने पुढे करपतात. अर्धे ओट्स अख्खे ठेवायचे, अर्ध्यांची मिक्सरमध्ये भरड करायची. अख्ख्यांनी कुकीला चावा येतो आणि भरडीने मधल्या फटी भरतात. इन्स्टंट ओट्स बारीक असल्याने लगदा होतो, आणि स्टील कट ओट्स दाताखाली कचकच येतात.

आता धरून ठेवायचं काम. बिनओव्हनच्या कुकीची सर्वांना माहीत असलेली जुनी पद्धत म्हणजे साखर, लोणी, दूध आणि कोको एकत्र उकळायचं आणि त्यात ओट्स ढवळायचे. तिथे सगळी पकड साखरेच्या पाकाची असते. आम्ही ते काम खजूर आणि पीनट बटरकडे दिलं. २०० ग्रॅम ओट्स, बिया काढलेला २०० ग्रॅम मऊ खजूर, १५० ग्रॅम बिनसाखरेचं पीनट बटर, २५ ग्रॅम कोको पावडर, २० ग्रॅम जवसाची पूड आणि चिमूटभर मीठ, हे आमचं मूळ माप आम्ही विचारेल त्याला देतो. खजूर कोरडा वाटला तर गरम पाण्यात दहा मिनिटं भिजवून घट्ट पिळून घ्यायचा. मीठ विसरू नका, त्याने गोडवा उठून येतो.

हे सगळं हातानेच मळावं, म्हणजे अंदाज येतो. गोळा मुठीत दाबल्यावर त्यावर बोटांचे ठसे स्पष्ट उमटले पाहिजेत, तळहातावर तेलाची पुसट चमक राहिली पाहिजे, पण मिश्रण हाताला चिकटता कामा नये. कडा फुटत असतील तर चमचाभर पीनट बटर. चिकटत असेल तर थोडी ओट्सची भरड. पाणी किंवा दूध मात्र घालायचं नाही, कारण ओलावा वाढला की बुरशीला आयतं निमंत्रण. पिकलेलं केळं घालून केलेल्या कुकीज छान लागतात, पण त्या घरी करून एक-दोन दिवसांत संपवायच्या. पाठवायच्या डब्यात त्या आम्ही कधीच ठेवत नाही.

थापून झाल्या की बटर पेपरवर मांडून तासभर फ्रिजमध्ये. खोबऱ्याचं तेल घातलं तर कुकी फ्रिजमध्ये छान कडक होते, पण ते तेल २४-२५ अंशांच्या आसपास वितळतं. उकाड्यात डबा उघडेपर्यंत तिचा आकार बसलेला असतो. म्हणून दूर जाणाऱ्या मालात ते नाही. जवस अख्खे खाल्ले तर बरेचसे न पचताच बाहेर पडतात, म्हणून पूड. आणि ती पूड लवकर खवट होते, म्हणून लागेल तेवढीच आणि त्याच दिवशी.

या व्यवसायात आम्हाला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते लेबल. ‘शुगर फ्री लिहा, खप वाढेल’ असं आम्हाला अनेकदा सांगितलं गेलं. खजुराचा साधारण दोन तृतीयांश भाग साखरच असतो. तसं लिहिणं म्हणजे फसवणूक. आम्ही ‘वरून साखर घातलेली नाही’ एवढंच छापतो आणि खाली आकडे देतो. वरच्या मापात २५ ग्रॅमच्या साधारण २४ कुकीज होतात. एकीत सुमारे १०० कॅलरी, ६ ग्रॅम साखर आणि ३ ग्रॅम प्रथिनं. दोन खाव्यात, भूक भागते. मधुमेह असलेल्यांनी ऑर्डर दिली तर आम्ही आधी हे आकडे सांगतो आणि डॉक्टरांना विचारायला सुचवतो. काही ऑर्डर त्यामुळे परत गेल्या, आणि ते योग्यच झालं. खजुराऐवजी मध मागणारेही असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत मध मर्यादेत ठेवायच्या साखरेतच धरलेला आहे, शिवाय एक वर्षाखालच्या बाळाला तो देऊच नये. त्यामुळे मधाची कुकी आम्ही ठेवलेली नाही.

सध्या शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलांच्या पालकांसाठी सूर्यफुलाच्या बियांच्या बटरची कुकी बसवतो आहोत. चव जमली आहे, पकड अजून थोडी सैल वाटते. त्या कामाला मिक्सरचं भांडं, परात, उलथणं सगळं वेगळं लागेल आणि शेंगदाण्याचं काम त्या खोलीत होऊन चालणार नाही. ती सोय झाल्याशिवाय तिच्या ऑर्डर घेणार नाही, असं विचारणाऱ्या पालकांना कळवलं आहे.